मूठभर वाळूचं रुखवत

माझ्या नोकरीचा राजीनामा मी दिला नाही, माझ्या गुडघ्यांनी दिला. लोकांचे जिने चढून, त्यांच्या पलंगांखाली वाकून आणि कपाटांमागे हात घालून गुडघ्यांनी चौदा वर्षं काढली, आणि एक दिवस एका उंबऱ्यावर बसले ते उठेचनात. तेव्हापासून मी निवृत्त आहे. झाशीतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या क्षेत्रातले अनुभव’ लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी शाळेत शिकवत होते असं त्यांना वाटलं असावं. शाळेत माझी जाऊ होती. मी मांजरांची पिल्लं खपवायचे.

‘खपवणं’ हा शब्द आमच्या जनावरांच्या शेल्टरच्या अध्यक्षांना खपत नसे. कागदावर माझं पद भारदस्त होतं, ते मला कधी एका दमात म्हणता आलं नाही. शहरात मी ‘बिल्लीवाली भाभी’. माझ्या सासरी पाच पिढ्यांची भिक्षुकी. देवळाची पूजा करायला दक्षिणेतून इथे आलेली ही माणसं, आणि त्यांची सून आता मांजरांची लग्नं लावते, असं माझे चुलत दीर जेवणाच्या पंगतीत मोठ्यांदा सांगत. मी त्यांना म्हणायचे, भावजी, फरक एवढाच की माझ्या यजमानांना सोवळं नेसावं लागत नाही.

पण काम खरोखर स्थळं जुळवण्याचंच होतं. शेल्टरमध्ये मुख्य वस्ती कुत्र्यांची, अपघातातल्या गाईंची आणि एका संतापी गाढवाची. मांजरांना मागची एक खोली. पिल्लू शेल्टरमध्ये पोचलं म्हणजे सुखरूप झालं, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. महिनाभराचं पिल्लू म्हणजे मुठीत मावणारा जीव, त्याचं लस टोचायचं वय झालेलं नसतं, आईचं दूध तुटलेलं असतं, आणि शेजारच्या पिंजऱ्यात रोज नवीन आजारी जनावर येतं. मांजरांत उलट्या-जुलाबांची एक साथ येते, ती दोन दिवसांत खोली रिकामी करते. म्हणून पिल्लाला लवकरात लवकर घर बघायचं. कायमचं मिळालं तर देवाची कृपा, नाहीतर लस होईपर्यंत पाहुणं म्हणून. त्यातही जास्त वेळ नसतो. दोन-अडीच महिन्यांच्या आत पिल्लाला माणसाच्या मांडीची सवय झाली नाही, तर पुढे ते जन्मभर माणसावर फिस्कारतं. मग त्याला कोणी घेत नाही, आणि खरं सांगायचं तर घेऊही नये.

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. जी मांजरी उरली नाही, तिच्या वतीनं मी दाखवायचे.

मागणी घालणारे एकेक नमुने असत. धान्याचा एक व्यापारी आला, त्याला गोदामातल्या उंदरांसाठी मांजर हवं होतं, पण घर शुद्ध शाकाहारी, तेव्हा अंडंसुद्धा न खाणारी द्या म्हणाला. उंदीर पकडल्यावर तिनं काय करायचं, असं मी विचारलं. त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, समझा के छोड़ देगी. एक बाई पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या आणि प्रत्येक पिल्लाशेजारी धरून बघत राहिल्या. एक निवृत्त अधिकारी होते, त्यांना खानदान हवं होतं. मी सांगितलं, साहेब, आई सिपरी बाजारातली एक मांजर, बाप म्हणजे अख्खा सिपरी बाजार. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि निघून गेले.

अशा लोकांना गाळायला मी एक फॉर्म केला होता. सतरा प्रश्न, आणि त्या फॉर्मचा मला मुलांच्या मार्कांहून जास्त अभिमान होता. घरी जाऊन, डोळ्यांनी बघून, एकेक रकाना मी स्वतः भरायचे. त्यातला नववा प्रश्न होता, बाहेरचा दरवाजा दिवसभर बंद असतो का. त्या प्रश्नात मी कोणाचं ऐकायचे नाही. सुरुवातीच्या वर्षात एका घरी दिलेलं भुरं पिल्लू तिसऱ्या दिवशी उघड्या दारातून गेलं आणि समोरच्या टेम्पोखाली आलं. त्या घरच्यांनी मला फोन करून बोलावलं होतं, मी जाऊन ते उचललं होतं. तेव्हापासून दूधच काय, मी ताकही फुंकून प्यायला लागले.

आणि माझी दुसरी पद्धत होती रुखवताची. मांजर जागा ओळखतं ते वासानं. नव्या घरी गेलेलं पिल्लू बिचकतं, पलंगाखाली शिरतं, आणि भलत्याच कोपऱ्यात घाण करतं, मग दुसऱ्या दिवशी लोक परत आणून देतात. म्हणून मी पिल्लाच्या जुन्या तसल्यातली, म्हणजे ज्या घमेल्यात ते शू-शी करतं त्यातली, मूठभर वापरलेली वाळू बरोबर द्यायचे. नव्या घमेल्यात ती मिसळली की पिल्लू हुंगतं, उकरतं, बसतं. माझ्या लेखी घर पक्कं व्हायचं ते तेव्हा. माणसं फॉर्मवर सही करतात, पिल्लू वाळूत करतं, आणि या दोन्हींत दुसरीच खरी. ही वाळू मी कापडाच्या पुरचुंडीत बांधायचे. आमच्या घरी पूजेच्या पिवळ्या कापडाचे तुकडे ढिगानं पडलेले, तेच वापरायचे. ही माझी काटकसर पुढे कुठे नेणार आहे, ते तेव्हा कळलं नाही.

सिपरी बाजारातल्या एका रजईवाल्याच्या कापसात दोन पिल्लं सापडली. एक काळी, उजव्या पंजावर पांढरा मोजा. दुसरा तिचा भाऊ, करड्या पट्ट्यांचा. नावं मी कधीच ठेवायचे नाही. नाव ठेवलं की आपण अडकतो, हा धंद्याचा पहिला नियम. दोघं एकाच तसल्यात, एकमेकांच्या डोक्यावर बसून सगळे विधी उरकायचे.

पहिली मागणी आली ती बरीवाल्या अम्माची. बरी म्हणजे आपले सांडगे. अम्मा मूळची एरच गावची, ओरछा गेटच्या आत एका बोळात राहायची, उडदाच्या डाळीच्या बऱ्या घालून विकायची. शेल्टरला कोणीतरी जखमी कुत्रं आणलं होतं, त्या रिक्षात बसून ती सरळ आमच्याकडे आली, मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर फतकल मारून बसली. दोन्ही पिल्लं तिच्या लुगड्यावर चढली. किती मांजरं पाळलीत, हा माझा चौथा प्रश्न मी तिला विचारला.

“हम पालत नइयां,” अम्मा म्हणाली. “बे रत हैं, अपने मन सें.”

पाळत नाही, ती राहतात, आपल्या मनानं. फॉर्मवर हे उत्तर बसेना, मी रकाना मोकळा सोडला. मग तिला विचारलं, कोणतं हवं. ती माझ्याकडे बघत राहिली. दोन्ही दे म्हणाली, एकटीचं मन कसं रमेल.

दोन दिवसांनी मी घर बघायला गेले. बोळात तिचं दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही, समोरून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली. मी उंबऱ्यात उभी राहून नवव्या प्रश्नापुढे फुली मारली आणि खाली ‘नापास’ लिहिलं. तेवढ्यात अम्मा कोपऱ्यावरच्या नळावरून पाण्याचा डबा घेऊन आली. पाचेक मिनिटांसाठी गेली असेल. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी काय लिहिलं ते तिनं विचारलं. आता चौदा वर्षांत मी गाढवाला औषध पाजलं आहे, चावऱ्या बोक्याला पोत्यात भरलं आहे, पण एखाद्याच्या तोंडावर नाही म्हणायचं धैर्य मला कधी झालं नाही. पोहे खाऊन उठताना वराकडचे जे म्हणतात तेच मी म्हटलं, हिंदीत. बताते हैं अम्मा. कळवतो.

मराठी माणसाला ‘कळवतो’चा अर्थ बरोबर कळतो. अम्माला तो शब्दशः वाटला.

पुढचं स्थळ सिविल लाइंसचं आलं आणि माझ्या फॉर्मला जणू सणच आला. आमच्यातलंच मराठी घर, सून मेघा बँकेत अधिकारी, सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. खिडक्यांना जाळी, दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग, पिल्लासाठी आधीच आणलेली गादी. सतरापैकी सतरा. मेघाला एकच हवं होतं आणि मोज्यामुळे काळीच हवी होती. काळं मांजर मागणारं गिऱ्हाईक झाशीत मिळणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. इथे काळं मांजर आडवं गेलं की स्कूटरवाला पाय टेकवून थांबतो आणि मागच्याला आधी जाऊ देतो. मी हरखून गेले. भावाला पुढच्या आठवड्यात बघू, पट्टेरी पिल्लं पटकन जातात, असं मी स्वतःला सांगितलं आणि बहिणीला टोपलीत घातलं. रुखवताची पुरचुंडी मेघाच्या हातात दिली, काय करायचं ते नीट समजावलं. ती मान डोलावत होती आणि एका हातानं बँकेचा फोन घेत होती.

पुढचं मला आक्कांनीच सांगितलं, पाटावर बसवून, पाणी देऊन. मेघा पुरचुंडी टेबलावर ठेवून कामावर गेली. आक्कांनी ती पाहिली. पिवळं कापड, आणलं कोणी तर भिक्षुकांच्या घरच्या सुनेनं, म्हणजे देवळातला अंगारा असणार. पिल्लाला दृष्ट लागू नये म्हणून दिलाय, किती जाणती बाई. त्यांनी ती देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. काळी दिवसभर घरभर फिरली, नव्या कोऱ्या वाळूचं घमेलं तिनं हुंगूनसुद्धा पाहिलं नाही, आणि शेवटी नाकाच्या इमानानं जिथं आपली जागा आहे तिथं गेली. रांगोळी उकरली आणि बाळकृष्णाच्या समोर बसली.

आक्कांनी पहिल्या दिवशी पोटात घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. मेघाला सांगितलं नाही, कारण सुनेचं हौसेचं मांजर, उगाच घरात वाद नको. पिल्लू देवापाशीच का जातं, तर पूर्वजन्मीचं काही असेल, म्हणून त्या रोज पुरचुंडीला जास्तच हळद-कुंकू वाहत राहिल्या. सहाव्या दिवशी संकष्टी होती आणि आक्कांची श्रद्धा संपली. मला फोन आला. देवघरातली ती पुरचुंडी पाहिली तेव्हा मला हसू आलं, आणि हसू दाबता दाबता मी त्यांना सांगितलं की हा अंगारा कशाचा आहे. आक्कांचा हात कपाळाकडे गेला.

“सहा दिवस मी हे कपाळाला लावत होते गं,” एवढंच म्हणाल्या.

समजावून काही उपयोग नव्हता. देव सोवळ्यानं पुन्हा मांडायचे होते, घर धुवायचं होतं. काळीला टोपलीत घालून, कुंकवानं माखलेली पुरचुंडी पिशवीत टाकून मी भर दुपारी सिविल लाइंसच्या रस्त्यावर आले. इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, हळदीकुंकवात, बारशात, एकदा तर रेल्वेच्या प्रतीक्षालयात. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. मी इथेच थांबते आणि चहा मागते.

आज पहिल्यांदा पुढचं लिहिते आहे. रस्त्यावरून मी शेल्टरला फोन केला की पिल्लू परत आणते आहे, पिंजरा तयार ठेवा. आमचे जनावरांचे डॉक्टरसाहेब म्हणाले, “भाभी, उसे यहाँ मत लाइए.”

साथ आली होती. तीन दिवसांपूर्वी कोणीतरी आजारी मांजर गेटवर सोडून गेलं, आणि खोली रिकामी होत चालली होती. मला गुडघ्यांमुळे चार दिवसांची रजा होती, म्हणून मला कोणी कळवलं नव्हतं. मी विचारलं, हिचा पट्टेरी भाऊ? डॉक्टर म्हणाले, आज सकाळी.

मी तिथेच फुटपाथवर बसले. टोपलीतून मोजा बाहेर आला आणि माझ्या बांगड्यांशी खेळायला लागला. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, एकच होतं, की दोघांना मागणारी बाई आली होती आणि मी तिला फुली मारली होती. साथीला मी काय करणार होते? पण तो त्या खोलीत होता तो माझ्यामुळे. बोळातल्या घरात तो नसता मेला.

आता ही एक उरली होती. शेल्टर बंद. माझ्या घरी यांचा दमा असा की मी कपडे बदलल्याशिवाय त्यांच्या खोलीत जात नसे. पाहुणं म्हणून पिल्लं ठेवणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोन्ही बायकांच्या घरी आधीची पिल्लं होती, तीही शेल्टरमधून गेलेली, तिथे जोखीम कशी घेणार. आणि लस टोचायला अजून दोन आठवडे होते. मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला ओरछा गेट सांगितलं. वाटेत मी अम्माला काय सांगायचं ते तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा ते खोटं निघालं.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात अम्मा बसली होती, पुढे पाट, पाटावर ओल्या बऱ्यांच्या ओळी. तिचं उजवं पाऊल चौकटीच्या एका बाजूला टेकलेलं आणि पाठ दुसऱ्या बाजूला. एक बकरी आत जायला बघत होती, अम्मानं न बघता तिला कोपरानं ढकललं. तेव्हा मला कळलं की त्या दाराला कडी लागत नाही, कारण दिवसभर अम्माच तिथे लागलेली असते. पाच मिनिटं ती पाण्याला जाते. मी त्या पाच मिनिटांत आले आणि दार तपासून गेले. दारात कोण बसतं, हा प्रश्न माझ्या सतरांत नव्हता.

तिच्या मागे, भिंतीशी, दोन वाट्या होत्या. घासून पालथ्या घातलेल्या, अगदी सारख्या.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. गुडघे बसले ते इथे. टोपली उघडली. काळी बाहेर आली, ओल्या बऱ्या हुंगल्या, शिंकली. अम्मानं पिठाचा हात लुगड्याला पुसून तिला उचललं, उलटं करून पोट बघितलं, कान बघितले, आणि मांडीवर ठेवलं. मग टोपलीत डोकावून पाहिलं. टोपली रिकामी आहे हे दिसूनही तिनं आतलं फडकं उचललं.

“मौड़ा कां है?” तिनं विचारलं.

मुलगा कुठे आहे. मी जुळवलेलं काही बोलले नाही. तो गेला, आज सकाळी गेला, तुम्ही मागितला तेव्हा मी दिला असता तर गेला नसता, तुमचं दार उघडं बघून मी नापास लिहिलं होतं. हे सगळं मी मोडक्या हिंदीत आणि मध्येच मराठीत सांगितलं. अम्मानं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, दोनांतली एक वाटी फडताळात वर ठेवून आली.

मग तिची नजर पिशवीतल्या पुरचुंडीकडे गेली. हे काय आणलंस, कुठल्या देवाचं, म्हणाली. मला तो अंगाऱ्याचा विनोद सांगायचा जीव झाला नाही. वाळू आहे म्हटलं, त्यांच्या तसल्यातली, नव्या जागी सवय व्हावी म्हणून. तिनं गाठ सोडली. हळद-कुंकू सांडलं. तिनं मूठ नाकाजवळ नेली, आणि आमच्या अध्यक्षांनी कधी केलं नसतं ते केलं, नीट वास घेतला.

“ईमें दोऊ की है?”

यात दोघांची आहे का. मी हो म्हटलं. साथ यायच्या आधीची, दोघांची.

अम्मानं कोपऱ्यात एक जुनी परात वाळू भरून ठेवली होती, कधीपासून कोण जाणे. त्यात तिनं ती मूठ हलकेच पसरली, एक कणही बाहेर पडू न देता, आणि काळीला उचलून शेजारी सोडलं. काळीनं हुंगलं. एकदा मागे वळून पाहिलं, कोणी येतंय का अशी. मग परातीत चढली, उकरलं, आणि शेपूट उभारून बसली. आम्ही दोघी म्हाताऱ्या बायका श्वास रोखून बघत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. काळीनं उरकलं, चारी बाजूंनी वाळू ओढून नीट झाकलं, आणि येऊन रिकाम्या वाटीपाशी ओरडली.

“बस,” अम्मा म्हणाली. “हो गओ घर.”

फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही. सही झाली होती.